कित्तूरच्या पुढे न जाणारं विमान

माझ्या वडिलांचं विमान कित्तूरच्या पुढे जात नव्हतं, आणि त्याला मी जबाबदार आहे असं आमच्या घरात आजही सगळ्यांचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. माझ्या मते जबाबदार शिवानंद आहे. पण सगळं ऐकून तुम्हीच ठरवा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, धारवाडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले. झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्याही नदीचा उगम सांगतील. विमानात मात्र ते कधी बसले नव्हते. २००६ साली पुण्याच्या भाच्यानं त्यांना विमान चालवायच्या खेळाची सीडी आणून दिली. आमच्या घरी तेव्हा जो कॉम्प्युटर होता तो माझ्या कारखान्यात बिलं छापून छापून थकलेला. त्याच्यावर ते विमान लग्नाच्या आल्बमसारखं दिसायचं. एक फोटो, मग चहा, मग दुसरा फोटो. आठ दिवस खटपट करूनही अप्पांचं विमान धावपट्टीवरून उठलं नाही.

नवव्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "प्रकाश, एक बरा कॉम्प्युटर घेऊ या की. पैसे माझे."

अप्पांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं, म्हणून मी घास थांबवून कारण विचारलं. कारण बेळगावची आत्या. ही अप्पांची थोरली बहीण, अप्पा तिला अक्का म्हणतात. सहा वर्षांचे असताना अप्पांनी तिला वचन दिलं होतं की मोठा झालो की तुला विमानातून नेईन. आता ती अठ्ठ्याहत्तरची, गुडघे गेलेले. खरं विमान जमण्यातलं नव्हतं. पण दिवाळीनंतर ती आठवडाभर आमच्याकडे राहायला येणार होती, तेव्हा तिला शेजारी बसवून हुबळीहून बेळगावला न्यायचं असं अप्पांनी ठरवलं होतं. हे त्यांनी मान्सून वारे सांगतात त्याच आवाजात सांगितलं.

आता माझ्याविषयी थोडं. मी दहावीला दोनदा नापास झालो. अप्पांनी कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. फक्त म्हणायचे, "शिवानंदाकडे बघ." शिवानंद आमच्या वर्गातला पहिला नंबर, अप्पांचा लाडका विद्यार्थी. त्यानं काढलेला भारतातल्या नद्यांचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर चार वर्षं लटकत होता. (मी काढलेल्यात गोदावरी अरबी समुद्राला मिळाली होती. एकदाच.) मी तीस वर्षं शिवानंदाकडे बघत आलो आहे. हुबळीजवळ तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डरच्या हाताखाली लागलो, पुढे स्वतःचं शेड घेतलं, आज अकरा माणसं कामाला आहेत. आम्ही कारखान्यांना लागणाऱ्या विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स बनवतो. शिवानंदानं सुभाष रोडला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. अप्पा लोकांना ओळख करून देतात ती अशी : "हा शिवानंद, कॉम्प्युटरमध्ये आहे. आणि हा आमचा प्रकाश, डबे करतो."

यावेळी एक काम तरी असं करायचं की अप्पांनी 'बरं केलंस' म्हणावं, असं मी मनाशी ठरवलं. एवढंच मला हवं होतं.

अप्पांच्या आग्रहाखातर आधी त्यांना घेऊन शिवानंदाकडेच गेलो. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी. अशा पाट्यांविषयी माझं मत वाईट आहे. भावच ठरलेला असेल तर दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं तरी काय? मी अपेंडिक्सच्या ऑपरेशनलाही टेबलावर चढण्याआधी दहा टक्के कमी करून घेतले होते. शिवानंदानं मात्र अप्पांच्या पाया पडून, मला चहा देऊन, सुवाच्य अक्षरात यादी लिहिली : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, आणि शेवटी कॅबिनेट, पंख्यांसकट, चौदाशे रुपये. म्हणाला, "खेळासाठी स्वस्तात यापेक्षा चांगलं बसणार नाही. हे सगळं एकमेकाला जुळणारं आहे, यातलं काही बदलू नको." मी तासभर घासाघीस केली. माणूस एक रुपया खाली आला नाही. वर दुसरा चहा सांगितला.

मी ती यादी खिशात घातली आणि हुबळी गाठली. हुबळीला माणसं अजून माणसांसारखी बोलतात. चार खेपा घातल्या. दरवेळी शेवटचा भाव ऐकायचा, स्कूटरची किल्ली हातात घ्यायची आणि दुकानाच्या दोन पायऱ्या उतरायच्या. तिसऱ्या पायरीवर हाक येतेच. चौथ्या खेपेला दुकानदार पंख्याखाली जाऊन बसला आणि म्हणाला, "साहेब, घेऊन जा, पण परत येऊ नका." शिवानंदाची यादी जशीच्या तशी, सव्वीसशे रुपयांनी स्वस्त, वर माऊसखाली घालायचं पॅड फुकट.

फक्त कॅबिनेटवर तोही अडला. तेराशेच्या खाली येईना. मी ते कॅबिनेट हातात घेतलं, बोटानं दाबलं. पत्रा पापडासारखा वाकला. मागं भोकं, पुढं भोकं, बाजूला चाळणी. वीस वर्षं मी पत्र्यात घालवली, आणि मला हा माणूस तेराशे रुपयांना चाळणी विकत होता! मी त्याला सांगितलं, "ठेव हे तुझ्याकडे. असला डबा माझ्याकडे चहा देणारासुद्धा बनवेल."

चहा देणाऱ्यानं नाही, मी स्वतः बनवला. सोळा गेजचा जाडजूड पत्रा. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी, म्हणजे धुळीचा कण आत जाणार नाही. तारा बाहेर काढायला खालून रबरी बूच. कुलूप-किल्ली. चालू करायला हिरवं बटण, बंद करायला लाल, पिठाच्या गिरणीला असतात तशी. उचलायला वर दोन कड्या. भट्टीत भाजलेला राखाडी रंग. सीडीचा ड्राइव्हसुद्धा आत, म्हणजे चोरीची भीती नाही. (सीडी बदलायची तर कुलूप काढावं लागे, पण अप्पांकडे सीडी एकच होती.) तो टेम्पोतून घरी आला तेव्हा दोन माणसं लागली उचलायला. माझी बायको सुनंदा म्हणाली, "फ्रीज कशाला आणला?" अप्पांनी भोवतीनं एक फेरी मारली आणि विचारलं, "शिवानंदाला दाखवलास?"

हिरवं बटण दाबलं. चालू झाला. विमान हुबळीच्या धावपट्टीवरून असं उठलं की अप्पांनी चष्मा काढून पुसला.

खेळात खाली गावं दिसत नाहीत. सगळं एकसारखं हिरवट. पण अप्पा मांडीवर नकाशा आणि हातात घड्याळ घेऊन बसलेले. सातव्या मिनिटाला म्हणाले, "धारवाड." बाराव्याला, "तेगूर." सोळाव्या मिनिटाला "कित्तूर" म्हणाले आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कित्तूर. तिसऱ्या दिवशी सकाळी कित्तूर, संध्याकाळी कित्तूर. अप्पांनी वही घातली. तारीख, उड्डाणाची वेळ, उंची, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'कित्तूर'. शेजारपाजारचे चौकशी करू लागले. एकानं सुचवलं की वाटेवर काहीतरी दोष असेल, लिंबू बांधा. अप्पा भूगोलाचे असल्यामुळे त्यांनी लिंबू नाकारलं आणि वाट बदलून हल्याळवरून गेले. सोळाव्या मिनिटाला पडदा काळा.

मी आधी विजेच्या खात्याला दोष दिला. मग सीडीला, मग भाच्याला. मग सगळं सामान खोक्यात भरून, डबा घरी ठेवून, हुबळीला दुकानदाराच्या छातीवर जाऊन बसलो. अर्धी गल्ली गोळा होईल एवढं बोललो. त्यानं शांतपणे टेबलावर सामान पसरलं, तारा जोडल्या, आणि तोच खेळ लावला. विमान तीन तास उडत राहिलं. मी डोळे वटारून बघत होतो. कुठल्या कुठे गेलं, हैदराबादही मागं पडलं असेल.

"इथं चालतंय, साहेब," तो म्हणाला. "घरी कशात ठेवता?"

"फर्स्ट क्लास डब्यात."

"मग धूळ जात असेल."

आता त्यानं हे मला घालवण्यासाठी म्हटलं होतं हे मला कळायला हवं होतं. पण धूळ या शब्दानं माझं डोकं फिरलं. माझ्या डब्यात धूळ? घरी येऊन डब्यात आत दिवा ठेवला, खोलीत अंधार केला आणि कुठून उजेड झिरपतो ते पाहिलं. बिजागरीपाशी केसाएवढी फट सापडली, बुचाच्या कडेला दोन. पुट्टी भरून सगळ्या बंद केल्या. आता त्या डब्यात देवाचीही दृष्टी जाणार नव्हती.

त्या दिवसापासून विमान धारवाडला पडू लागलं.

आणि आत्या आली. अप्पांनी वहीतलं कित्तूर, धारवाड तिला काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं की चार दिवस थांबू या, दुसरा प्रोसेसर बघतो. अप्पा म्हणाले, "तिला सांगून झालंय." रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. आत्या नऊवारी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली. अप्पांनी जेवायला शिवानंदालाही बोलावलं होतं. का, ते मी विचारलं नाही. तो मागं उभा राहिला, हात बांधून, वर्गात राहायचा तसा.

विमान उठलं. आत्यानं खुर्चीचा हात धरला. अप्पा सांगत होते, "हे बघ अक्का, खाली गोकुळ रोड. हे नवनगर." कुठं दिसत काही नव्हतं, पण ती वाकून वाकून बघत होती. सातव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"आलं बेळगाव?" आत्यानं विचारलं.

"नाही," अप्पा म्हणाले. "धारवाड."

"धारवाडात तर मी आहेच की. त्याला विमान कशाला?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अप्पांनी नकाशाची घडी घालायला सुरुवात केली. घडी नेहमीसारखी नीट पडेना. ते मला रागावले असते तरी चाललं असतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

शिवानंद पुढे झाला, डब्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. माझ्याकडे किल्ली मागितली. दार उघडल्यावर आतून जी वाफ आली ती सुनंदाला स्वयंपाकघरात लागली. त्यानं थोडं वाकून आत बघितलं आणि हळूच विचारलं, "गाळी एल्लिंद बर्तैति?" म्हणजे, हवा कुठून येते?

"येत नाही," मी म्हणालो. आणि अभिमानानं म्हणालो, हे कबूल करतो. "तेच तर."

शिवानंदानं मला काही समजावलं नाही, हे त्याचं मोठेपण. (ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.) त्यानं सुनंदाकडून जेवायचा एक लाकडी पाट मागून घेतला. आतलं सगळं काढून त्या पाटावर मांडलं, तारा जोडल्या, आणि समोर टेबलफॅन लावला. देवापुढं नैवेद्य ठेवावा तसा तो कॉम्प्युटर उघडा पाटावर बसला. त्यात पत्र्याचा तुकडा नव्हता, आणि तेरा आण्यांचासुद्धा भाव लागला नसता असा दिसत होता.

धारवाड गेलं. तेगूर गेलं. सोळावं मिनिट आलं. "कित्तूर," अप्पा म्हणाले, आणि कित्तूरही गेलं. एकतिसाव्या मिनिटाला विमान बेळगावच्या, म्हणजे सांबऱ्याच्या धावपट्टीवर दोन उड्या मारून उतरलं. थोडं गवतात गेलं, पण उतरलं. आत्या पर्स घेऊन उठली आणि चपला कुठं काढल्या ते शोधू लागली. अप्पांनी शिवानंदाच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी मी सुभाष रोडला जाऊन कॅबिनेट घेतलं. भोकांचं. शिवानंद म्हणाला, सरांसाठी म्हणून शंभर कमी करतो. मी म्हटलं, पाटी वाच. आयुष्यात पहिल्यांदा सांगितला तो भाव मोजून बाहेर आलो.

डबा कोपऱ्यात पडून होता. उन्हाळ्यात सुनंदानं वर्षाचे पापड त्यात भरले. पावसाळ्यात धारवाडला पापडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत असेल, चामड्यासारखे होतात. श्रावणात एकदा ताटात पापड आला. अप्पांनी मोडला. खळकन आवाज झाला. त्यांनी विचारलं, कशात ठेवले होते? सुनंदानं सांगितलं. अप्पांनी दुसरा पापड घेतला, तोही मोडून बघितला आणि म्हणाले, "बरं केलंस, प्रकाश."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पापडांसाठी.

पुढच्या आठवड्यात शिवानंदाचा फोन. सरांनी सांगितलं म्हणे, त्याच्या बायकोलाही तसा एक डबा हवा होता. भाव विचारला. या वेळेची मी तीस वर्षं वाट बघत होतो. मी सांगितलं, चौदाशे, एकच भाव. तो घासाघीस न करता कबूल झाला, आणि आता त्याच्या नात्यातले आणखी सहा जण मागतायत. तो डबा मला पत्रा, रबर, रंग आणि टेम्पो धरून सत्तावीसशेला पडला होता, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. पण करणार काय, तारिहाळला दारावर 'एकच भाव' अशी पाटी लावून बसलोय.