बिसेनबाईंचा गोल

सकाळी परिपाठ चालू असताना बिसेनबाईंच्या मुलीचा फोन आला. "काका, आई गेली..." एवढंच ती बोलली. पुढे आठवडाभराने तालुक्याला शोकसभा झाली. शांत स्वभावाच्या, मनमिळाऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं एकेक वक्ता म्हणत होता. मी तिथे गप्प बसलो, ते आता दीड महिना मला खातं आहे. म्हणून लिहितो. बिसेनबाई शांत नव्हत्या. त्यांचा वर्ग शांत होता, आणि तो तसा व्हावा म्हणून त्या आयुष्यभर भांडल्या.

दोन हजार एकमध्ये त्या चिचगडपुढच्या आमच्या शाळेत बदलून आल्या. माहेर दवनीवाड्याकडचं, घरची धानाची मोठी शेती. या जंगलात ही बाई किती दिवस टिकते, असं आम्ही म्हणालो होतो. त्यांना चौथीचा वर्ग मिळाला. त्या वर्गात रोज पाट्या फुटायच्या. गावातली पोरं एका टोकाला, टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, गोंडी बोलणारी पोरं दुसऱ्या टोकाला, आणि मधे शिवीगाळ. बाईंनी दुसऱ्याच दिवशी रांगेतल्या टाटपट्ट्या उचलल्या आणि भिंतीलगत गोल अंथरल्या. स्वतः खुर्ची सोडून खाली बसल्या. रोज पहिला अर्धा तास पुस्तक नाही. एक लाकडी डस्टर हातोहात फिरायचं. ते ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर पुढे द्यायचं. तोवर आमच्याकडे डस्टर पोरांच्या बोटांवर मारायच्या कामी यायचं. माझ्याकडे तर नक्कीच.

सुखवंती नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. महिनाभर ती डस्टर नुसतं पुढे सरकवायची. एक दिवस तिनं ते मांडीत ठेवलं आणि गोंडीत बोलत सुटली. बाईंनी थांबवलं नाही. शेजारच्या मुलीनं मग मराठीत सांगितलं, ही उजाडायच्या आधी आईबरोबर मोहफुलं वेचते, मग धाकट्या बहिणीला आजीकडे सोडते, म्हणून उशीर होतो, आणि उशीर झाला की दारात गुरुजी छडीनं मारतात. ते गुरुजी म्हणजे मी. भिंतीपलीकडे शिकवता शिकवता मी सगळं ऐकलं. राग आला, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास गावातले एक पालक शाळेत आले. "माह्या पोरीले त्यायच्या मांडीले मांडी लावून काऊन बसवता, बाई?" बाई उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "कारण वर्गात सगळ्यायले मांडी सारखीच आहे. न्यायची असंल तर न्या घरी." नेली त्यांनी. आठव्या दिवशी पोरगी दप्तर घेऊन एकटीच परत आली आणि सुखवंतीच्या शेजारी जाऊन बसली. पण तक्रार वर गेली. साहेब तपासणीला आले आणि दारातूनच म्हणाले, "ये क्या, भजन मंडळ आहे का?" बाई म्हणाल्या, "बसा सर. तुमची पाळी आली की बोला." साहेब बसले नाहीत. दुपारी त्यांनी मला कार्यालयात बोलावलं, कागद पुढे केला. या वर्गाच्या गोंधळानं शेजारी अध्यापन करता येत नाही, अभ्यासक्रम मागे पडला आहे... मी सही केली. गोंधळ माझ्याच वर्गात होता, हे मला ठाऊक होतं.

नोटिशीसोबत तो कागद बाईंच्या हाती पडला. मधल्या सुट्टीत त्या आल्या. "सर, तुम्ही लिहून दिलेलं वाचलं. उद्या गोलात या, आणि हेच पोरांसमोर सांगा." मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी डस्टर माझ्या हातात आलं. मी म्हणालो, "मी तुमच्याबद्दल खोटं लिहून दिलं. साहेबाले भेलो." कुणी हसलं नाही. डस्टर फिरत सुखवंतीकडे गेलं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मराठीत विचारलं, "गुरुजी, तुमाले कोण मारते जी?"

छडी मी त्याच दिवशी मोडली. आधीचं निवेदन खोटं होतं असं दुसरं पत्रही पाठवलं, पण उपयोग झाला नाही. बाईंची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. निघताना मी म्हणालो, "बाई, तिथं तरी जरा जपून." त्या उसळल्या. "कायले जपू? तिथं भिंती नाहीत का गोल बसाले?" पुढच्या तीन शाळांत त्यांनी तेच केलं, आणि इकडे माझ्या वर्गात मी. त्यांना आणखी दोन नोटिसा आल्या. दोन्हींना एकाच ओळीचं उत्तर : वर्गात येऊन बसावे. आजारपणात भेटायला गेलो तेव्हाही औषधांबद्दल त्या बोलल्या नाहीत. तुमच्या वर्गातला गोल मोडला नाही ना, एवढंच विचारलं.

नाही मोडला. आमच्या वर्गात आता लोखंडी बाक आले आहेत, फळ्याकडे तोंड करून रांगेत मांडायचे असा वरून आदेश आहे. रोज सकाळी मी आणि पोरं ते ओढून भिंतीला लावतो. फरशीवर कर्कश आवाज होतो, शेजारच्या वर्गाची लेखी तक्रारही गेली आहे.

जाऊ द्या. आम्ही खाली बसतो.