उशीवरून दिसलेलं

तिला सगळे इस्त्रीताई म्हणत. तिने आवरलेल्या पलंगावर सुरकुती दाखवा आणि तिच्याकडून चहा घ्या, अशी पैज हॉटेलात एकोणीस वर्षं चालू होती आणि तो चहा आजवर कुणाच्या नशिबी आला नव्हता. हॉटेल चौदाच खोल्यांचं, पण नखरा शंभर खोल्यांचा. प्रत्येक खोलीचा रंग वेगळा, वास वेगळा, आणि पाहुणे दोन-दोन महिने आधी खोली धरून ठेवायचे.

तिथे एक पद्धत होती. खोल्या आवरणाऱ्या बाईला सुपरवायझर करायचं, तर आधी तिने एक दिवस पाहुणी म्हणून राहायचं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर मॅडमना अशी एक गोष्ट सांगायची, जी पाहुण्याला कळते पण आवरणाऱ्याला नाही. नाही सांगता आली, तर बढती पुढच्या वर्षी. इस्त्रीताईचे गुडघे काही पुढच्या वर्षापर्यंत दम धरणार नव्हते. वाकून वाकून ते आताच कुरकुरायला लागले होते.

"जा, मजा कर," नवरा म्हणाला. "पण परत आल्यावर आपल्या गादीला नावं ठेवायची नाहीत."

दुपारी ती निळ्या खोलीत शिरली. काचेपलीकडे शहर नुसतं धावत होतं, पण आवाज म्हणून येत नव्हता. बस, गाड्या, माणसं, सगळं पाण्याखालून चालल्यासारखं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग उठून नळ पुसला. मग आरसा पुसला. शेवटी स्वतःवरच डाफरली, "बस की गं बाई एका जागी!"

संध्याकाळी दारावर टकटक झाली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हाऊसकीपिंग!"

बाहेर तिच्यासोबत काम करणारी जोडीदारीण हसून हसून भिंतीला टेकली. "ताई, ते मी म्हणायचं! तुम्ही नुसतं 'या' म्हणायचं."

जोडीदारणीने पडदे ओढले, रजईचा कोपरा दुमडला, उशीपाशी चॉकलेट ठेवलं. इस्त्रीताई हात मांडीवर ठेवून बघत राहिली. आई गेल्यापासून तिच्यासाठी कुणी अंथरूण घातलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं, आणि चॉकलेट न खाताच तिने पर्समध्ये टाकलं.

डोळा कधी लागला ते कळलंच नाही. स्वप्नात या पलंगावर झोपून गेलेली सगळी माणसं एकेक करून आली. कुणी घोरत होतं, कुणी रडत होतं, कुणी फोनवर बाळाशी बोलत होतं. सगळ्यांनी तिला जरा सरकून जागा दिली. इतकी गाढ झोप तिला लहानपणानंतर लागली नसेल.

जाग आली तेव्हा पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन छतावर हळूहळू हलत होतं. ती उताणी पडून बघत राहिली. ऊन सरकत सरकत पलंगाच्या वर टांगलेल्या दिव्यापाशी आलं. शेडच्या आत धुळीने जाड झालेलं जाळं होतं. बाहेरून ती शेड ती रोज पुसायची. आत डोकवायला मान वर कुणी केली होती! उशीवर डोकं टेकणाऱ्या प्रत्येकाने मात्र ते बघितलं असणार.

खुर्चीवर चढून एक फडका फिरवला असता तर काम झालं असतं. फडका तिने हातात घेतलाही. पण मग मॅडमना सांगायचं काय? आणि सांगायचं, तर आपल्याच कामाची लाज आपल्याच तोंडाने सांगायची. विचार करता करता तिच्या हातांनी सवयीने पलंग आवरूनही टाकला.

नऊ वाजता मॅडम आल्या. पलंग बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ताई, तुम्ही झोपलाच नाहीत ना?"

"झोपले हो, मॅडम. म्हणून तर दिसलं." तिने वर बोट दाखवलं. "दिव्याच्या आत जाळं आहे. माझीच चूक. चौदाही खोल्यांत असणार, सगळ्या शेड मीच पुसते."

मॅडमनी सँडल काढल्या आणि सरळ पलंगावर आडव्या झाल्या. वर बघत म्हणाल्या, "आठ वर्षं मी उभ्यानेच खोल्या तपासतेय. सोमवारपासून खोल्या आडवं होऊन तपासायच्या. तुम्ही."

त्या उठल्या. चादरीवर भली मोठी सुरकुती पडली होती. इस्त्रीताईचे हात पुढे झाले आणि थांबले.

"चला मॅडम," ती म्हणाली, "चहा माझ्याकडून."