नळाखालचा मोगरा

मस्तगडातल्या आमच्या गल्लीतले चाचा फाल्गुन लागला की खिशात वायसर आणि हातात पाना घेऊन दारोदार फिरतात. गल्लीत पाणी आठवड्यानं येतं आणि तरी लोकांचे नळ गळतात, हे त्यांना बघवत नाही. पैसे घेत नाहीत, चहासुद्धा उभ्यानंच. काम झालं की नळाखाली तळहात धरून थांबतात. अशा वेळी त्यांच्याशी बोलायची सोय नसते. हात कोरडा राहिला की म्हणतात, "बराबर. बिलकुल बंद."

गेल्या वर्षी त्यांनी आमच्या अंगणातला टाकीचा नळ असाच बंद केला. आई तेव्हा धावड्याला मामाकडे गेली होती. नळाखाली तिचा मोगरा होता, त्या गळतीवरच वाढलेला. त्याला वेगळं पाणी घालायची घरात कुणाला सवयच नव्हती. आई परतली तेव्हा नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"नळ गळतो म्हणून तर तिथं लावल्ता," ती एवढंच म्हणाली. चाचा तेव्हा नेमके दारात होते. मग उन्हाळाभर ते रोज सकाळी स्वतःच्या घरून तांब्या भरून आणत आणि त्या काड्यांना घालत. फुटवा काही आला नाही. आईनंही त्यांना थांबवलं नाही.

यंदा पुन्हा चाचा निघालेत. काल शेजारच्या अंगणात दिसले. पाना हातातच होता, नळाला लावलेला नव्हता. खाली वाकून ओल्या मातीत बोटं फिरवत ते शेजारणीला विचारत होते, "ताई, ह्या पाण्यावर काही जगून तर न्हाई राह्यलं ना?"