बारा ओमचे दाजी

आमच्या दाजींइतका संशयी माणूस सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे मिळून दुसरा निघणार नाही. निघालाच, तर दाजी त्यालाही आधी मीटर लावून बघतील. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. मूळचे शिराळ्याकडचे. फौजेत राहून वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या आणि आता सांगलीच्या विश्रामबागेत एका बोळात गॅरेज चालवतात. चालवतात म्हणजे गाड्या येतात आणि दाजी त्या अडवून ठेवतात. लोक खिशाला पेन लावतात, तिथं यांच्या विजेचा रोध मोजायच्या मीटरच्या दोन वायरी लोंबतात. गणपतीत आमची दिव्यांची माळ मोजून पसंत पडेपर्यंत त्यांनी आरती थांबवून धरली होती. गणपती समजूतदार, त्यानं वाट पाहिली.

त्यांचा खरा जीव इंजेक्टरवर. इंजिनात पेट्रोल फवारणारा हा बोटभर ऐवज आणि त्याला 'उघड, मीट' असा हुकूम सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, या दोघांचं एकमेकांना झेपतं का, हे मोजल्याशिवाय दाजी पान्याला हात लावत नाहीत. खंडाळ्याचे एक हौशी बागायतदार गाडी सुसाट पळावी म्हणून दांडगे इंजेक्टर घेऊन आले. दाजींनी मोजले आणि परत त्यांच्या हातात ठेवले.

"रोध बारा ओम पायजे, ह्यो दोनचाच हाय. लय करंट वढणार. डबा जळंल."

"आवं, पण पिन बसतीया की!"

"तुमची टोपी माज्या डोक्यावर बसती. म्हणून मी तुमच्या घरात ऱ्हायला येऊ व्हय?"

बागायतदार गेले. दाजींकडचं गिऱ्हाईक बहुधा असंच जातं, ज्ञान घेऊन आणि गाडी होती तशीच घेऊन.

मी एकदा माझ्या गाडीसाठी नव्या कोऱ्या, सीलबंद पाकिटातले चार इंजेक्टर त्यांना दिले. "पाव्हणं, सील पाकिटाला हाय. आत काय हाय ते कुणी बघितलंय?" आठ दिवस मी ऑफिसला एसटीनं गेलो. चारांतला एक खरोखरच भलता निघाला, हे मी अजून अक्काला सांगितलेलं नाही.

यंदा दाजींना चक्कर येऊ लागली. हृदयाचे ठोके फार मंद, पेसमेकर बसवायलाच हवा, उशीर केला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. एक डबा, त्यातून हृदयात जाणारी वायर आणि ठोक्याठोक्याला करंट. दाजींनी विचारलं, "वायरीचा रोध किती?" डॉक्टर हसले. "काका, ते आमच्यावर सोडा." दाजींनी चपला घातल्या आणि घरी आले. अक्का दोन दिवस जेवली नाही. शेवटी ज्यानं जन्मभर त्यांच्या मीटरची टिंगल केली, तो मी डॉक्टरांना तोच प्रश्न विचारायला गेलो. ते म्हणाले, "मोजतो की. वायर नीट बसली का, ते मोजूनच तर कळतं."

"मग त्यो माणूस जाणता हाय," दाजी म्हणाले. "आदी सांगायचं न्हाई व्हय?"

पेसमेकर बसला. ठोके सुधारले, चक्कर गेली, अक्का जेवू लागली. फक्त डॉक्टरांनी एक अट घातली: इंजिनातल्या विजेनं पेसमेकर बिथरू शकतो, म्हणून चालू इंजिनवर वाकायचं नाही, हातभर लांब राहायचं.

परवा एका गाडीचे इंजेक्टर ऐकायचे होते. लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून मूठ कानाशी धरली की आतली टकटक ऐकू येते. दाजी हात मागं बांधून बॉनेटपासून लांब उभे होते. कान मी लावला.

"वाजतंय?"

"वाजतंय की, दाजी."

"वाजतंय ते मलाबी कळतंय. कसं वाजतंय?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं थट्टा करण्यात घालवली आणि त्यांना हवा असलेला एक शब्द काही मी शिकलो नाही. फार वाईट वाटलं. मी पुन्हा कान लावला, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत तिथंच उभे राहिले.