बजाबाईचा हेल

मंद्रूपच्या बाजारात बजाबाईशी घासाघीस करायला शहाणा माणूस जात नाही. मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिलीत तर ती विचारणार, भाजी घ्यायला आलाय की पोरगी बघायला? भांडल्याशिवाय तिला जेवण जात नाही. तरीही गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की बायका आधी तिलाच हाक मारतात. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या खोडी, त्याची आवडनिवड, मागं राहिलेली माणसं, सगळं हेल काढून ती असं रडते की कोरड्या डोळ्यांनी आलेले पाहुणेही विरघळतात. मात्र मयत उचललं की हेल संपला. तो परत तोंडातून काढायचा नाही. नात आरोही लहानपणी बाहुलीसाठी तशी रडली, तर बजाबाईनं तिच्या थोबाडीत ठेवून दिली होती. जित्या माणसाच्या नावानं तसं रडणं म्हणजे मरणाला आवतण.

ती आरोही आता सोलापुरात आमच्या विभागात मानववंशशास्त्र शिकते. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवते. कायम नोकरीवाले पाहुण्या व्याख्यात्यांच्या शेजारी बसतात आणि आभार मानायला मला उभं करतात.

गेल्या वर्षी पुण्याहून डॉ. गुरुशांत मैंदर्गीकर आले. माणूस मूळचा आपल्याच अक्कलकोटचा, म्हणून राग जास्त. व्याख्यान शोकाच्या परंपरेवर होतं. बोलता बोलता सरांनी लॅपटॉपवर एका बाईचं रडणं लावलं, आणि आरोही ताडकन उठून बाहेर गेली. तो तिच्या आजीचा आवाज होता. आरोहीचे वडील, म्हणजे बजाबाईचा लेक सतीश, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. कामावरून येताना त्यांची मोटरसायकल ट्रकखाली गेली. सर तेव्हा जात्यावरच्या ओव्या गोळा करत मंद्रूपला राहिले होते, बजाबाईच्या हातची भाकरी खात होते. मयताच्या अंगणात त्यांनी गुपचूप रेकॉर्डर चालू ठेवला. ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरात विचारायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

यंदा सर परत येणार हे आरोहीकडून कळल्यावर बजाबाई एसटीनं आली. व्याख्यानाआधी विभागप्रमुखांच्या खोलीत ती सरांच्या पुढ्यात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. तिचं मागणं एकच होतं, माझ्या लेकाचं रडणं पुसून टाका.

सर हसले. "मावशी, ते आता तुमचं एकटीचं राहिलेलं नाही. वारसा आहे तो. वारसा पुसायचा नसतो."

वर त्यांनी चहा मागवला. तिनं कपाला हात लावला नाही. मला तर तो कप त्यांच्या अंगावर फेकावासा वाटत होता.

सभागृहात शाल झाली, श्रीफळ झालं. मग सरांनी माइकवर जाहीर केलं की ज्यांचा आवाज आपण ऐकणार आहोत त्या स्वतःच आज आल्यात. मावशी, मुलांना थोडं करून दाखवता का? टाळ्या पडल्या, मुलांनी मोबाइल वर धरले. लाज कोळून प्यायलेला माणूस असाच दिसत असावा. आरोहीनं आजीचा हात धरला. तो झटकून बजाबाई मंचावर गेली.

सरांच्या खुर्चीसमोर तिनं जमिनीवर बसकण मारली, पदर पुढं ओढला, कपाळावर हात मारला आणि हेल काढला.

"गुरुशांता, माज्या शहाण्या लेकरा रं... पुण्यासनं गाडीत बसून आलास, आन हितंच आडवा झालास रं... नवी शाल पांघरून निजलास, नारळ उशाला घेतलास रं... अक्कलकोटाला माय वाट बघतीया, तिला जाऊन कोण सांगंल रं..."

आईबद्दल सरांनीच तिला कधीतरी भाकरी खाताना सांगितलेलं.

सर आधी हसत होते. मग त्यांनी अंगावरची शाल ओढून काढली. थांबा म्हणाले, कुणीतरी थांबवा म्हणाले. मयताला रडणाऱ्या बाईला हात कोण लावणार? आईचं नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले.

बजाबाई थांबली. सर घाम पुसत मुलांकडे वळले. मोबाइलमधलं आत्ताच्या आत्ता काढून टाका, अशी गयावया करू लागले. त्यांची आई थकलेली होती, तिच्या कानावर हे गेलं असतं तर?

"पुसू नगा रं पोरांनो," बजाबाई म्हणाली. "वारसा हाय त्यो."

एकाही मुलानं काही पुसलं नाही. सर लॅपटॉपकडे गेले. आरोहीला शेजारी उभं करून त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसलं. पुण्यातली प्रत कुणाकडे आहे ते तिनं विचारलं, तेव्हा तिच्यासमोरच फोन लावून तीही काढायला लावली. आरोहीनं मान हलवल्यावर बजाबाईनं मुलांना सांगितलं, आता तुमचंबी काढा.

विभागप्रमुखांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाराला उठले नाही.

मंचाच्या पायरीवर बजाबाई नातीचा खांदा धरून जरा टेकली.

"आज उचललं बग माज्या सतीशला," ती म्हणाली, आणि मंद्रूपची एसटी कितीला आहे ते विचारू लागली.