ठीक नाही म्हणायची तालीम

आमच्या घरात कुणी तब्येत विचारली की उत्तर एकच, अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे अल्लाची कृपा. अंगात ताप असो, सासूशी वाजलेलं असो, उत्तर तेच. मी रत्नागिरीकडची, कुवेतला अर्धं आयुष्य गेलं तरी ही सवय सुटली नाही. चांगलीच सवय आहे, असं मला वाटायचं.

इथे खैतान भागात आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण बाई राहते. नवरा सुलैबियाच्या एका गोदामात कामाला होता. तो वारला आणि त्याच्या नोकरीवर असलेला तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला. परत जायची सोय नाही. तिकडे दीर वाट बघतोय. भावाची मुलगी ती आपलीच, म्हणून त्याने हिच्या लेकीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवूनही टाकलंय. लेक अजून बाहुल्यांच्या वयातून पुरती बाहेर आलेली नाही.

म्हणून तिने निर्वासितांचे अर्ज बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय कचेरीत आश्रय मागितला. मुलाखतीला एकटीच गेली. दुभाषा फोनवर, शेजारी सल्ला द्यायला कुणी नाही. साहेबाने विचारलं, सासरचे लोक कसे आहेत? ही म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह, अच्छे लोग हैं." परक्या पुरुषासमोर सासरची उणीदुणी काढायची नसतात, हे तिच्या आईने शिकवलेलं. माझ्याही आईने मला तेच शिकवलंय. अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे कुटुंबीय चांगले आहेत.

माझं डोकंच फिरलं. "तुला कशाला पाहिजे ही उठाठेव?" नवरा म्हणाला. त्याला घरी बसवून मी तिला शर्कला एका वकिलाकडे नेलं. माणूस भला होता. चहा दिला आणि सांगितलं, आश्रयाचा कायदाच इथे नाही, तेव्हा हे कोर्टात जात नाही, आणि त्या कचेरीत तुमच्या शेजारी मला बसता येणार नाही. फेरविचाराची विनंती करा, कदाचित पुन्हा बोलावतील. त्या 'कदाचित'वर आम्ही परतलो.

विनंती पाठवली आणि मग माझ्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मी साहेब, ती अर्जदार, मध्ये कांद्याची परात.

"कैसी हैं आप?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"नहीं! फिर से. वापस गईं तो क्या होगा?"

"अल्लाह बेहतर जानता है, आपा."

"अल्लाह जानता है, साहब नहीं जानता! उसको आप बताएँगी!"

मी ओरडलेच. ती डोक्यावरच्या चादरीचं टोक तोंडाशी धरून रडली. खरं तेवढंच बोलायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. दिराचं नाव काढलं की आवाज जायचा, मान खाली. एका बाईला आपलं दुःख साहेबाला पटेल असं मांडता येतं का, यावर तिच्या लेकीचं आयुष्य ठरणार, याची मला भयंकर चीड यायची. आणि रोज चिडून चिडून आता मी दमले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खुर्च्या मांडायच्या, पुन्हा तेच.

बोलावणं आलंच नाही. कागदांवरूनच निकाल लागला, पहिलाच निर्णय कायम. गेल्या आठवड्यात ती खाली आली आणि फोनवर आलेला निरोप माझ्यापुढे धरला. मी वाचला. तोंडातून नेहमीचंच निघालं, "कैसी हैं आप?"

ती तालमीच्याच खुर्चीत बसली, पाठ ताठ, मी शिकवलं होतं तशी. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ठीक नहीं हूँ. वापस गई तो देवर मेरी बेटी को ले जाएगा, बूढ़े से ब्याह देगा. मुझे डर लगता है."

एकदाही अडखळली नाही. ऐकायला फक्त मी होते.