मान कुणीकडे हलली

निम्मी वाट सरल्यावर वेलबाई थांबल्या, ओढणीने मानेवरचा घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "आपण कशाला चाललोय, सांग बघू."

आमचा छकडा, म्हणजे इकडची तीनचाकी रिक्षा, मागेच बंद पडला होता. दोन्ही अंगांना वेडी बाभूळ, मध्ये आम्ही दोघी. मी म्हटलं, "केसरबाला पुन्हा काम द्यायचं का, ते बघायला."

"नाही. त्या दिवशी तिने काय सांगितलं होतं, ते विचारायला. काम द्यायचं की नाही, ते त्याच्या पुढचं."

ही त्यांची सवयच आहे. लग्न होऊन मी भुजला आले आणि महिला मंडळाच्या दुकानात बसू लागले, तेव्हापासून बघते आहे. वेलबाई पूर्वी स्वतः बांधणीच्या गाठी बांधायच्या. डोळे थकले तसं ते काम सुटलं. आता मंडळासाठी रंगारी ईशाकभाईंकडून कापड घेऊन गावोगावच्या बायकांना पोचवतात आणि बांधून झालं की परत आणतात. कापड देताना काय करायचं ते सांगतात आणि लगेच विचारतात, "मी काय सांगितलं?" नव्या सुना चिडतात. एकीने तर तोंडावर म्हटलं, "आम्ही काय बहिऱ्या आहोत का, मा?"

"तू नाहीस गं, मीच बोबडी असेन," वेलबाई म्हणाल्या, आणि तिच्याकडून वदवून घेतल्यावरच उठल्या.

मध्यंतरी त्या तापाने पडल्या, म्हणून केसरबाकडची ओढणी आणायला ईशाकभाईंचा माणूस मावजी गेला. ओढणी नवरीची होती. अशा ओढणीवर आधी पांढरे ठिपके बांधतात, पिवळा रंग देतात, मग पिवळे ठेवायचे ते बांधतात आणि शेवटी लाल रंगात बुडवतात. बांधायचं राहिलं ते पिवळं लालात गेलंच. ईशाकभाईंनी गाठी सोडल्या तेव्हा एका कोपऱ्यातला मोर निम्माच उमटला होता. मावजीने सांगितलं, "मी विचारलं होतं, ती हो म्हणाली." मंडळाने केसरबाचं काम बंद केलं. उंबऱ्याबाहेर न पडता करता येईल असं तिच्यापाशी तेवढंच काम होतं.

"खोटं बोलली असेल का हो ती?" मी चालता चालता विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तिथे नव्हते. तूही नव्हतीस." मग थोडं चालून म्हणाल्या, "माझं लग्न ठरवताना काकाने विचारलं, मुलगा पसंत आहे का? मी खाली बघितलं. सगळे म्हणाले, पोरगी लाजली, गूळ वाटा. मला पायाला मुंगी चावली होती."

मला हसू आवरेना. "मग? नवरा कसा निघाला?"

"बरा होता. पण मुंगीला विचारून केला, असं मी त्याला जन्मभर ऐकवलं."

गावाच्या वेशीवर मोमाई मातेची देरी, छोटंसं देऊळ, आहे. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, माते, खरं काय ते कळू दे. वेलबाईंनीही डोकं टेकवलं.

दरबारांचं, म्हणजे राजपुतांचं घर; सुना पडद्यात. ओसरीवर खाटेवर केसरबाचे सासरे, बापू, बसले होते. "या, या," म्हणून त्यांनी चहा सांगितला. बशीतून चहा पिऊन आम्ही आत गेलो. केसरबाने तोंडावरून हनुवटीखाली ओढलेला पदर वर केला तेव्हा वेलबाईंनी आधी तिचा हात धरून बघितला. करंगळीचं नख लांबच होतं. कापड चिमटीत उचलायला बांधणाऱ्या बायका ते वाढवतात. "काम सुटलं तरी कापलं नाहीस?" त्यांनी विचारलं. केसरबाने नख मुठीत मिटलं.

"मावजीने काय विचारलं होतं?"

"अंगणातूनच विचारलं. झालं ना, नेऊ ना?"

"आणि तू?"

"मी मान हलवली. नाही म्हणून. कोपरा राहिला होता."

"तोंडाने का नाही बोललीस?"

केसरबाने ओसरीकडे नजर टाकली. "बापू बसले होते. त्यांच्यासमोर परक्या पुरुषाशी आवाज काढायचा? बापूंनीच पुडकं उचलून दिलं. मला वाटलं, ईशाकभाई उघडून बघतील, नाहीतर कुणी विचारायला येईल." मग ती म्हणाली, "आज आलात."

वेलबाईंनी माझा पदर ओढून हनुवटीखाली आणला. "बेन, हो किंवा नाही, मान हलव." मी हलवली. "केसरबा, ही काय म्हणाली?"

"हो म्हणाल्या."

मी पदर वर केला. मी नाही म्हटलं होतं. केसरबा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काळजी करू नका. परवा मंडळाच्या बैठकीला ईशाकभाई येतील, तेव्हा मी त्यांना सगळं नीट समजावून सांगते."

"काय सांगशील?"

मी सांगितलं. पदर, बापू, मावजी, राहिलेला कोपरा. चांगलं जुळवून सांगितलं, असं मला वाटलं.

वेलबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरोबर आहे. पण हे तू बोललीस. मावजी तिच्या वतीने बोलला, आता तू बोलणार. ईशाकभाईंना तिचा आवाज कधी कळणार?"

"ती बैठकीला कशी येईल, वेलबाई?"

"तिने कशाला यायचं? ईशाकभाईंना इथे घेऊन ये. बापूंना मी गाय दाखवा म्हणून मागच्या वाड्यात नेते, म्हातारा गाईविषयी बोलायला लागला की तासभर उठत नाही. केसरबा दाराआड बसेल, ईशाकभाई ओसरीवर. तू मध्ये." त्यांनी माझा दंड धरला. "एकच मागते, बेन. तिला वेळ लागेल. घसा खाकरेल, थांबेल, कदाचित नुसती बसून राहील. तुला वाटेल आपणच सांगून मोकळं व्हावं. तेव्हा तू तिच्या जागी बोलू नकोस. ती बोलेपर्यंत गप्प बसशील?"